सहाजणींचे पासवर्ड

६ जानेवारी २००८, रविवार. दुपारी, जेवणं झाल्यावर.

आजपासून रोज लिहायचं. अर्धं पान तरी. वही शांभवीने दिली. माझी नात, बी.एड. करते. तिच्या कॉलेजात सगळे भावी शिक्षक म्हणे असं लिहितात, आज काय शिकवलं, काय चुकलं. त्याला चिंतन म्हणतात. तिचं चिंतन ती इंटरनेटवर टाकते आणि तिच्या मॅडम ते घरबसल्या वाचतात. मी म्हटलं, मलाही एक वही दे, मीही करते. माझं मात्र कुणी वाचायचं नाही. सूनबाईने, म्हणजे दानेश्वरीने, तर मुळीच नाही. पोरगी चांगली आहे, पण तिला डबे उघडून बघायची सवय आहे.

माझं शिक्षण चौथी. नेसरीला. पुढं शिकले असते तर आज रिटायर मास्तरीण असते, पेन्शन खात. असो.

शांभवीला प्रोजेक्ट आहे. ज्यांना नीट वाचता येत नाही अशा सहा बायकांना कॉम्प्युटरवर, ऑनलाइन, शिकवायचं. तिने इंटरनेटवर एक पान केलं आहे. दर आठवड्याला दहा प्रश्न. एस.टी.च्या पाटीचा फोटो येतो, खाली चार गावं, बरोबर गावावर क्लिक करायचं. औषधाच्या बाटलीवरची तारीख, लाइट बिलावरचं नाव, असलं रोजच्या कामाचं. मार्क कॉम्प्युटर आपोआप देतो. प्रोजेक्ट पन्नास मार्कांचा, पंचवीस तरी पडायलाच हवेत. गेल्या वर्षी काविळीने तिची परीक्षा हुकली. आता पुन्हा वर्ष गेलं तर तिचा बाप, माझा प्रभुलिंग, तिला आमच्या भुसारी दुकानात बसवणार आहे. तसं त्याने स्पष्ट सांगितलंय. पास झाली तर जूनपासून गडहिंग्लजकडच्या एका हायस्कुलात जागा आहे.

सहा बायका कुठून आणायच्या म्हणून पोरगी काळजीत होती. मी तासाभरात आणल्या. आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष कोण? मीच. बायडाबाई (भाजी विकते), समोरची आक्का (चार म्हशी, आमचं दूध तिच्याकडूनच), हौसाबाई, आणि मंडळातल्याच आणखी तिघी. शांभवीने आज पहिला तास घेतला. फार गोड शिकवते. सगळ्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, एस.टी. सुटायच्या आधी बसतात तशा. पोहे केले होते. शांभवीने प्रत्येकीला एक पासवर्ड दिला आणि म्हणाली, हा गुपित ठेवायचा, कुणाला सांगायचा नाही. ती आत पाणी आणायला गेली तोवर सहाही जणींनी मला सांगून टाकले, लक्षात कोण ठेवणार म्हणून. गुपित आहे म्हणून सहाही एकाच ठिकाणी, ह्या वहीच्या शेवटच्या पानावर, नीट लिहून ठेवले आहेत.

८ जानेवारी, मंगळवार.

मी सहायक झाले. तोंडी नाही, शांभवीने प्रोजेक्टच्या वहीत लिहिलं: सहायक, श्रीमती शांतादेवी. तिला हातकणंगल्याजवळच्या शाळेत सराव पाठ घ्यायला जावं लागतं. सकाळी सातला जाते ती संध्याकाळी सातला येते. तोवर बायकांची चाचणी मी घ्यायची. कॉम्प्युटर चालू कसा करायचा, नाव कुठं टाकायचं, पासवर्ड कसा, क्लिक कसं, सगळं मला दाखवलं. मला एका फटक्यात आलं. माउस फिरवणं काही अवघड नाही, पोळपाटावर हात बसलेल्या बाईला तर मुळीच नाही.

ठरवलं:
मंगळवार, गुरुवार दोन ते तीन क्लास.
त्या वेळात सिरियल नाही.
त्या वेळात चहा नाही. (तीन वाजता चालेल.)

हे, म्हणजे शांभवीचे आजोबा, खाटेवरून म्हणाले, आता तुला शांताबाई म्हणायचं का बाई? मी म्हटलं नुसतं बाई म्हणा.

१० जानेवारी, गुरुवार.

दोघीच आल्या. हौसाबाई आणि आक्का. आक्काची म्हैस अडली होती म्हणून ती मध्येच उठून गेली. हौसाबाईला मी एस.टी.ची पाटी दाखवली, तिने 'कागल' वाचलं आणि मग कागलला तिच्या चुलतभावाच्या घरी काय झालं ते सांगितलं. तेही ऐकण्यासारखं होतं. तीन वाजले.

शिकवताना विद्यार्थ्याचं ऐकून घेतलं पाहिजे असं शांभवीच्या पुस्तकात आहे. ते मला न वाचताच जमलं.

१५ जानेवारी, मंगळवार.

कुणीच नाही. वाणाचे दिवस, बायका सुगडी घेऊन फिरतात. मीही गेले होते. सिरियल बघितली नाही. (चुकली. लाइट गेली होती.)

१७ जानेवारी, गुरुवार. दुपारी तीन.

अडचण. पहिली चाचणी ह्या गुरुवारी बंद होते. आज पाच वाजेपर्यंत नाही सोडवली तर त्या बाईच्या नावासमोर शून्य पडतं. बायडाबाई लेकीकडं गेली आहे. बाकीच्यांना निरोप दिला तर एकीचे पापड उन्हात, दुसरीचे पावणे घरात.

शून्य पडून चालणार नाही. पोरीचं वर्ष आहे.

दुपारी साडेतीन.

बायडाबाईच्या नावाने मी बसले. ह्यात गैर काही नाही. आमच्या मंडळाच्या मीटिंगला चौघी आलो तरी रजिस्टरात बाराजणी हजर असतात. जी आलेली असते ती बाकीच्यांच्या सह्या करते. त्यातच एकी आहे. कुणाला वाईट वाटत नाही, आणि मंडळ वीस वर्षं चाललंय.

दहापैकी तीन आले. पाट्यांचे फोटो अंधुक आहेत. पण कॉम्प्युटर फार सज्जन आहे, शेवटी बरोबर उत्तरं दाखवतो आणि पुन्हा सोडवू देतो. मी कागदावर लिहून घेतलं: पहिल्याला दुसरं, दुसऱ्याला चौथं, तिसऱ्याला पहिलं, असं दहापर्यंत. मग पुन्हा बसले. दहापैकी दहा! पडद्यावर हसरं तोंड आलं आणि 'शाब्बास' अशी अक्षरं. मला ह्या वयात कुणी शाब्बास म्हटलेलं नाही.

मग बाकीच्या पाचजणींचंही करून टाकलं. तीन-तीन मिनिटं लागली.

शांभवीला काही सांगितलं नाही. तिला आधीच सराव पाठाचं टेन्शन.

१९ जानेवारी, शनिवार.

शांभवीने तिचं चिंतन मला वाचून दाखवलं. त्यात बायडाबाई! 'पहिल्या प्रयत्नात तीन आणि दुसऱ्या प्रयत्नात दहा. ऑनलाइन साधन चूक दाखवतं पण ओरडत नाही, त्यामुळे प्रौढ महिला न लाजता चुकांमधून शिकते, हे मला आज समजलं.' पोरीने ते दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं अगदी बरोबर लिहिलंस, ओरडत नाही. अनुभवाने सांगते.

तिने विचारलं, आज्जी, बायडाबाईला एवढं कसं गं जमलं? मी म्हटलं शिकवणारं चांगलं असलं की जमतं. ती लाजली. तिला वाटलं मी तिच्याबद्दल बोलते.

२४ जानेवारी, गुरुवार.

आज मी कुणाला बोलवलंच नाही. उगाच त्यांची कामं मोडायची. त्या आल्या असत्या तर एकेकीला तासभर लागला असता, आणि एवढं करून पाच-सहा मार्क. त्यापेक्षा हे सुटसुटीत. अठरा मिनिटांत सहाजणी. वेळेची बचत हाच तर ऑनलाइनचा फायदा.

पण सगळ्यांना दहा-दहा द्यायचे नाहीत असं ठरवलं. ते खरं वाटत नाही, आणि न्यायालाही धरून नाही. हौसाबाईला आठ. तिचं लक्ष गप्पांत असतं. बायडाबाईला दहा, ती कष्टाळू. धाकट्या दोघींना नऊ-नऊ. शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याची कुवत ओळखली पाहिजे. शांभवीला हे अजून शिकायचंय, तिने सगळ्यांना एकच प्रश्न दिलेत.

७ फेब्रुवारी, गुरुवार.

आक्काने दुधात पाणी घातलं. चहा निळा होतो. बोलले तर म्हणते, थंडीत म्हशी जास्त पाणी पितात. आज तिला चार दिले.

९ फेब्रुवारी, शनिवार.

शांभवी आक्काच्या चारावरून अस्वस्थ. आठवरून एकदम चार कशी आली, काही अडचण असेल, मी आत्ता जाऊन बोलते म्हणाली. चपला घातल्या होत्या. मी आडवी गेले. म्हटलं, तिला आधीच मनाला लागलंय, तू गेलीस तर ती क्लासच सोडेल, मी समजावते. शांभवी थांबली. 'आज्जी, तू नसतीस तर माझं काय झालं असतं,' म्हणाली.

हे खाटेवरून बघत होते. ती आत गेल्यावर म्हणाले, शिरोलीत फौंड्रीत असताना आमचा एक इन्स्पेक्टर माल न बघता शिक्का मारायचा, सहा महिने फार वेगात काम चाललं, मग एकदम तीन ट्रक परत आले. मी म्हटलं बायका म्हणजे लोखंड नव्हे. तर कानडीत काहीतरी पुटपुटले. राग आला की ते कानडीत जातात, म्हणजे मला उत्तर द्यायला लागू नये. मला कानडी येतं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.

आक्काला नऊ. दूध सुधारलं नाही, पण पुन्हा चार दिले तर पोरगी परत चपला घालेल.

१६ फेब्रुवारी, शनिवार.

चिंतनात आलं: 'आक्कांच्या बाबतीत आपुलकीच्या दोन शब्दांनी जो फरक पडला तो कुठल्याही साधनाने पडला नसता.' कॉलेजात हे सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. मॅडमचं नाव इंगवले मॅडम, फार कडक, कुणाला चांगलं म्हणत नाहीत. त्या चांगलं म्हणाल्या. प्रभुलिंगने दुकानातून येताना पेढे आणले. म्हणाला, पोरगी मास्तरीण होणार असं दिसतंय. दानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी. मीही पदर लावला.

हे सगळं कुणामुळं झालं ते मला ठाऊक आहे. म्हणून दाखवायचं नाही, एवढंच.

विचार चालू आहे: शांभवी जूनमध्ये गडहिंग्लजला गेली की कॉम्प्युटर इथंच राहणार. 'शांतादेवी ऑनलाइन वर्ग, फक्त महिलांसाठी.' गल्लीच्या तोंडाशी पाटी. पेंटरला विचारून ठेवलं. तो म्हणाला ऑनलाइन कसं लिहायचं ते कागदावर लिहून द्या.

२१ फेब्रुवारी, गुरुवार.

सहावी चाचणी. सोळा मिनिटांत सहाजणी. माझा रेकॉर्ड.

आता मला कागदही लागत नाही. एकदा सोडवलं की पाठ. दुसरं, पहिलं, तिसरं, तिसरं, चौथं. बोटं आपोआप जातात. प्रश्न वाचायचीसुद्धा गरज पडत नाही, एवढी तयारी झाली आहे.

२८ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी.

शांभवी धावतच आली. महिला दिनाला कॉलेजात कार्यक्रम आहे, आणि सगळ्या प्रोजेक्टांत हिचा प्रोजेक्ट निवडला. सहाही बायकांचा सत्कार, नारळ आणि ब्लाउज पीस. त्याआधी मंगळवारी, चार तारखेला, इंगवले मॅडम स्वतः घरी येणार. बायकांना भेटणार. त्यांना कॉम्प्युटरवर बसलेलं बघणार, आणि तिथंच मार्क देणार.

मी म्हटलं, चांगलंच झालं की. मग कॅलेंडरवर चार तारखेपर्यंतचे दिवस दोनदा मोजले, सहज.

२९ फेब्रुवारी, शुक्रवार.

घाबरायचं कारण नाही. मंगळवारपर्यंत चार दिवस आहेत. बायका हुशार आहेत, फक्त त्यांना शिकवायचं राहिलंय. वेळापत्रक केलं:
शुक्रवार: माउस.
शनिवार: पाट्या.
रविवार: बाकीचं सगळं.
सोमवार: उजळणी आणि पोहे.

१ मार्च, शनिवार.

माउस आज घेतला. काल कुणाला वेळ नव्हता. बायडाबाई म्हणाली, शनिवारी बाजार, मला सोडा, मंगळवारी येतो मी नटून. बाकी पाचजणींत हौसाबाईने माउस बराच फिरवला, पण पडद्याकडं न बघता हाताकडं बघत. पाट्या उद्या.

३ मार्च, सोमवार.

रविवारी शांभवी घरी होती, तिच्यादेखत शिकवता येईना. ती म्हणाली मी घेऊ का थोडी उजळणी? मी म्हटलं, तुझ्यासमोर त्या बुजतात, तू जा, केस धू.

आज सगळ्यांना एकत्र बसवून एकच गोष्ट सांगितली. मॅडमनी काहीही विचारलं तर म्हणायचं, आम्हाला शांभवी बाईंनी शिकवलं. एवढं सगळ्यांना पाठ झालं. निम्मं काम झालंच.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी सहा.

लिहायचं म्हणून लिहिते.

मॅडम अकराला आल्या. मला वाटल्या तेवढ्या कडक नाहीत. चप्पल दारात काढली, ह्यांना नमस्कार केला, चहा बिनसाखरेचा घेतला. सहाही जणी आल्या होत्या, जरीची लुगडी, आक्काने तर नथ घातली होती. शांभवीने पडद्यावर सगळा हिशोब उघडला, कुणाला कुठल्या चाचणीत किती. नऊ, दहा, आठ, दहा. मॅडम माना डोलवत होत्या.

मग म्हणाल्या, बायडाबाई, या, बसा. ही पहिली चाचणी, तुमच्या ओळखीचीच. सोडवा बघू.

बायडाबाई खुर्चीवर बसली. कॉम्प्युटरला हात जोडले. मग मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी माउस दाखवला.

मॅडम म्हणाल्या, घाई नाही, रोज करता तसं करा.

"रोज कुठलं," बायडाबाई म्हणाली. "मी शिकाया एकदाच आलतो की हितं. पोहे खाल्लं आन् गेलो."

मॅडम म्हणाल्या, मग ह्या तुमच्या सात चाचण्या?

"ते शांताक्कास्नी ठावं. त्या म्हणल्या, तू भाजी इक, मी बघतो."

मी असं म्हटलं होतं हे खरं आहे. पण ते प्रेमाने म्हटलं होतं.

मॅडमनी चष्मा वर केला आणि पडद्यावर काहीतरी दाबलं. मार्कांच्या पलीकडं आणखी एक रकाना होता. तो मी कधी बघितला नव्हता. त्यात वेळ. एकवीस फेब्रुवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी बायडाबाई. दोन तेराला हौसाबाई. दोन सोळाला आक्का. असं सहाजणींचं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, शांभवी, एवढ्या वेळात तर एक बाई खुर्चीवरून उठून दुसरी बसतसुद्धा नाही. तुम्ही हा रकाना बघितला नव्हता?

शांभवी म्हणाली, नाही मॅडम. मार्कच बघत होते.

तेवढ्यात आक्का पुढं आली. तिला बाकी कशाचं काही नव्हतं. तिने विचारलं, माझं मार्क किती हायती? मॅडमनी वाचून दाखवले. चौथ्या ओळीशी आल्यावर आक्का म्हणाली, चार? आणि हौसाला? हौसाबाईला आठ. आक्का माझ्याकडं वळली.

"शांताक्का, हौसाला आठ आन् मला चार? रोज सकाळी तुमच्यात दूध कोण घालतंय, हौसा घालतीया व्हय?"

हौसाबाई म्हणाली, दूध घालतीस का पाणी, ते सांग. मग त्या दोघींचं सुरू झालं. मॅडम दोघींच्या मधे चहाचा कप धरून उभ्या.

शांभवीने एकदाच माझ्याकडं बघितलं. "आज्जी, एकही चाचणी त्यांनी सोडवली नाही?"

मी म्हटलं, हौसाबाईने कागल वाचलं होतं.

मग मॅडमनी सगळ्यांना बसवलं आणि मला म्हणाल्या, आज्जी, म्हणजे सगळ्या चाचण्या तुम्ही सोडवल्यात. इतक्या वेळा सोडवल्यात म्हटल्यावर तुम्ही तर पक्क्या झाला असाल. बसा, एक सोडवून दाखवा. मला बरं वाटलं. निदान एवढं तरी दिसेल की कुणाला काही आलंच नाही असं नाही. मी ऐटीत बसले, माउस धरला. मॅडमनी शांभवीला काहीतरी सांगितलं, तिने एक बटण दाबलं. त्याने उत्तरांच्या जागा उलटसुलट होतात म्हणे. अशी सोय आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी नेहमीसारखं दुसरं, चौथं, पहिलं.

दहापैकी दोन.

हसरं तोंड आलं नाही. सहाजणी बघत होत्या. आक्का म्हणाली, माझं चारच बरं की मग.

प्रोजेक्टला मॅडमनी शून्य दिलं नाही. एवढं म्हणाल्या की हे सगळं पुसून टाका, पंधरा एप्रिलपर्यंत पहिल्यापासून करा, मी न सांगता येऊन बघेन. तेव्हाही असंच दिसलं तर वर्ष गेलं समजा. सत्कार रद्द. सहायक नको म्हणाल्या. मग दारात चप्पल घालताना थांबल्या आणि म्हणाल्या, शिकणाऱ्या सात घ्या. आज्जींना धरून.

शांभवी जेवली नाही.

५ मार्च, बुधवार.

प्रभुलिंग सकाळी लवकरच दुकानात गेला. डबा न्यायला विसरला. दानेश्वरीने भांडी जरा जोरात ठेवली. हे कानडीतसुद्धा काही बोलले नाहीत.

मला एक वाटतं, ती उलटसुलट करायची सोय आधीच सांगायला हवी होती. शिक्षकाने साधनाची पूर्ण माहिती विद्यार्थ्याला द्यायची असते.

६ मार्च, गुरुवार. महाशिवरात्र.

उपास. देवळात बायडाबाई भेटली. ती खूश होती. मॅडम फार चांगल्या, मला माझ्या नावाने हाक मारली म्हणाली. आणि विचारलं, तो क्लास आता खरंच आहे का, की मागच्यासारखा?

९ मार्च, रविवार.

शांभवी परवापासून माझ्याशी बोलायला लागली. कामापुरतं.

तिचे सराव पाठ संपले, आता रोज संध्याकाळी ती स्वतः बसते. एका वेळी एकच बाई, अर्धा तास. बायडाबाईची भाजी साडेसातला संपते, म्हणून ती आठला. आक्काची दुसरी धार झाल्यावर. ज्या बाईला ज्या वेळेला जमतं ती तिची वेळ. मी विचारलं, सगळ्यांना एकदम बसवलं तर? ती म्हणाली, आज्जी, तू तुझ्या वेळेला ये. मला सहाची वेळ दिली.

पासवर्ड बदलले. नवे मला कुणी सांगितले नाहीत.

१३ मार्च, गुरुवार.

पहिली खरी चाचणी. बायडाबाई चार. हौसाबाई पाच. आक्का तीन, आणि तीनवर खूश. हे खरं तीन हायती न्हवं, असं दोनदा विचारून घेतलं. मी तीन.

शांभवी म्हणते, तू प्रश्न न वाचताच क्लिक करतेस. पण माझा चष्मा जुना आहे.

२७ मार्च, गुरुवार.

बायडाबाई सहा. गाजर-मुळ्यांच्या पाट्या स्वतः लिहून हातगाडीला लावल्यात. 'मुळा'ला काना जास्त आहे, पण शांभवी म्हणाली राहू दे, तिने स्वतः लिहिलंय. मी चार. खुर्ची उंच आहे, मानेवर ताण येतो.

मॅडम आज न सांगता आल्या. बायडाबाई कॉम्प्युटरवर होती. तिने मागं वळून बघितलं नाही. एका पाटीवर अडली, ओठ हलवत हलवत वाचली, नि क्लिक केलं. मॅडम दारातच उभ्या राहिल्या, पाच मिनिटं. मग आल्या तशा गेल्या.

१० एप्रिल, गुरुवार.

शेवटची चाचणी. बायडाबाई सात. आक्का सहा. हौसाबाई आठ. (हे आठ तिला मी आधीच दिले होते, म्हणजे माझा अंदाज चुकला नव्हता.) बाकी तिघी पाच-सहा.

मी तीन. ऊन फार आहे.

२० एप्रिल, रविवार. सकाळी.

निकाल आला. पन्नासपैकी एकोणतीस. शांभवी पास. प्रभुलिंगने दुकान तासभर बंद ठेवलं. त्याने एवढं कधी बापाच्या आजारपणातही केलं नाही. जूनमध्ये पोरगी गडहिंग्लजला जाणार. तिने मला मिठी मारली, पहिल्यासारखी. मी रडले. ह्या वेळी पदर खरोखरच ओला झाला.

तिने शेवटचं चिंतन वाचून दाखवलं. मार्क बघायच्या आधी माणूस बघायला हवा होता, असं काहीतरी तिने लिहिलंय. मला चांगलं वाटलं. मग शेवटी सातजणींची यादी होती, कुणाची नावं घातलेली नाहीत, कॉलेजचा तसा नियम आहे. शिकणारी एक, वय बेचाळीस, भाजी विक्री, प्रगती चांगली. शिकणारी दोन, वय पन्नास, दूध, प्रगती समाधानकारक. असं करत करत शेवटी: शिकणारी सात, वय अडुसष्ट, गृहिणी, प्रगती नाही.

मी म्हटलं, शांभवी, हे चुकलंय. मला अडुसष्ट श्रावणात लागतं, आत्ता सदुसष्टच.

तिने लगेच खोडून सदुसष्ट केलं. बाकीचं तसंच ठेवलं.